दुधाबरोबरची गोळी

डबे परत आले की मी ते उघडून बघते. वीस वर्षांची सवय आहे. पुंडलिकनगरातल्या आमच्या घराच्या खालच्या खोलीत मी डबे करते आणि उस्मानपुऱ्यातल्या क्लासेसना येणारी गावाकडची पोरं ते खातात. रिकामा डबा हातात आला की त्या पोराचं काय चाललंय ते मला कळतं. पोळ्या संपल्यात आणि भाजी तशीच आहे, म्हणजे परीक्षा जवळ आली. सगळंच उरलंय, म्हणजे एक तर ताप किंवा भांडण. मग मी फोन लावते आणि झापते. या कामानं मला एक खोड लागली. कुणी काय खावं, कधी खावं, हे आपल्यालाच कळतं असं मला वाटायला लागलं. आमचे हे स्कूटरला डबे अडकवताना म्हणायचे, तू डॉक्टरच व्हायला पाहिजे होतंस. ते चेष्टेनं म्हणायचे. मी मात्र मनावर घेतलं होतं.

आमची एकुलती एक लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला आली तो आमच्या गल्लीत नळाला पाणी येण्याचा दिवस होता. आठवड्यातून एकदा येणारं पाणी, त्यामुळं मी मोटर लावून पिंपं भरत होते. गेटसमोर रिक्षा थांबली. ती उतरली, एक हात पोटाखाली धरून दोन पायऱ्या चढली आणि तिसरीवर बसली. "थांब जरा, दम खाऊ दे," म्हणाली आणि हसली. हसताना तिचे ओठ पांढरे दिसले. मी पाइप तिथंच टाकला, तिची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. माझी आई माझी अशीच बघायची. आत लाल दिसायला हवं, तिथं वारंवार धुतलेल्या कापडासारखा रंग होता.  पिंप भरून पाणी अंगणात वाहायला लागलं, तेही यांनी येऊन बंद केलं.

पाच मिनिटांत मी गुन्हेगार शोधून काढला होता, आणि ती होती तिची सासू.

लेकीचं सासर पैठणच्या बाजूला, शेतीवाडीचं घर आहे. जावई वाळूजच्या कंपनीत शिफ्टनं जातो, म्हणजे दिवसभर घरात सासू आणि सून दोघीच. विहीणबाई अबोल. लग्नाच्या चार दिवसांत त्या माझ्याशी चार वाक्यं बोलल्या असतील. गप्प माणसाचा मला आधीपासून संशय येतो, कारण मी स्वतः तशी नाही. त्याच दुपारी मी त्यांना फोन लावला आणि विचारलं की पोरीला काय खायला घालत होतात. त्यांनी सांगितलं, भाकरी, डाळ, पालेभाजी, दाण्याची चटणी, गूळ, वाटेल तेव्हा वाटेल ते. मी म्हटलं, मग हिच्या अंगातलं रक्त गेलं कुठं? तुम्ही जुन्या वळणाच्या, तुम्हाला वाटत असेल की आईनं कमी खाल्लं की मूल लहान राहतं आणि बाळंतपण सोपं जातं. आणखीही पुष्कळ बोलले. बोलताना मला हलकं वाटत होतं, हे लिहिताना आता लाज वाटते. माझं बोलून संपेपर्यंत त्या थांबल्या. मग त्या म्हणाल्या,

"घरात जे व्हतं ते आधी तिच्याम्होरं ठिवलं, ईनबाई. याउप्पर मला कळत नाय."

फोन ठेवल्यावर मी यांना म्हटलं, बघा, उत्तर नाही त्यांच्याकडं.

दोन दिवसांनी आम्ही क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई आमच्या लेकीहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. रक्ताचा रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन साडेसात, हवं अकराच्या वर. सोनोग्राफीत बाळ दिवसांच्या मानानं लहान दिसत होतं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. बाळाला जे काही मिळतं ते आईच्या रक्तातूनच. शेवटच्या तीन महिन्यांत ते जन्मानंतरच्या काही महिन्यांसाठी लोह साठवून घेतं. आईकडंच नसेल तर त्याच्या वाट्यालाही कमीच येतं, मग ते कमी वजनाचं होऊ शकतं, वेळेआधी येऊ शकतं, पुढं त्यालाही रक्त कमी पडू शकतं. मी फक्त शेवटचे शब्द ऐकत होते आणि समोरच्या टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होते.

डॉक्टरांना वाटलं, गोळ्या घेतल्याच नसतील. पुष्कळ जणी मळमळतं म्हणून टाकून देतात, असं त्या म्हणाल्या. मी लगेच तडकले. माझी पोर खोटं बोलत नाही, म्हटलं. लेकीनं काही न बोलता पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर रिकामी केली. चार महिन्यांच्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा, रबरानं नीट बांधलेल्या, एकही गोळी शिल्लक नाही. डॉक्टरांनी त्या उलटसुलट करून बघितल्या. मग त्यांनी विचारलं, गोळी घेतेस कशी, कशाबरोबर?

"ग्लासभर दुधाबरोबर," लेक म्हणाली. "कॅल्शियमची पण तेव्हाच. विसरायला नको म्हणून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेतलेलं लोह नीट अंगी लागत नाही, त्या म्हणाल्या. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. मग त्यांनी विचारलं, शौचाला काळं होत होतं का? लेक म्हणाली, हो, रोज. ते अंगी न लागलेलं लोहच बाहेर पडत होतं, असं त्यांनी सांगितलं.

मी मांडीवरची पिशवी उगाच उघडून बघायला लागले. कारण ते दूध माझं होतं.

रोज सकाळी आठला, डबे भरता भरता, मी लेकीला फोन करायची. फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवलेला, हातात वरणाचा डाव. पहिला प्रश्न, गोळी घेतली का? दुसरा, दुधाबरोबर घेतली ना? लोहाची गोळी उष्ण असते, नुसती घेतली तर पोटात आग पडते, बाळाला बाधते, म्हणून पूर्ण ग्लासभर दूध प्यायचं, हे मी तिच्याकडून चार महिने घोकून घेतलं होतं. मला ते माझ्या आईनं शिकवलं होतं. मीही हिच्या वेळी तशीच घेतली होती आणि नवव्या महिन्यापर्यंत भिंत धरून चालले होते. त्या चक्करा म्हणजे बाळंतपणाचा भागच, असं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं आणि मी ते मान्य करून टाकलं. तिसरा प्रश्नही मीच विचारायची, काळं होतंय का? ती हो म्हणाली की मी खूश व्हायची. म्हणायची, झालं तर मग, गोळी लागू पडतेय. मध्ये एकदा ती म्हणाली होती, आई, मला सारखी पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. मी हसून डोहाळे म्हणून सोडून दिलं. अंगातलं लोह कमी झालं की असं खावंसं वाटू शकतं, हे त्या दिवशी डॉक्टरांच्या तोंडून कळलं.

"दुधाबरोबर घ्यायला कुणी सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

लेक रिकाम्या स्ट्रिपा गोळा करायला लागली. मी पिशवीचा बंद सारखा करत होते.

"सासूबाईंनी?"

लेकीनं वजनकाट्याकडं बघितलं. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिनं माझ्याकडंही बघितलं नाही, आणि तेच मला फार लागलं. मला एवढंच म्हणायचं होतं की डॉक्टर, मी सांगितलं. तीन शब्द. परक्या पोरांना झापताना माझ्या तोंडाला कधी कुलूप लागत नाही. तिथं लागलं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, शिरेतून लोहाची इंजेक्शनं द्यायची ठरवलं आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

रिक्षात क्रांती चौकाचा सिग्नल लागला तेव्हा लेक म्हणाली, "जाऊ दे, आई." मी म्हटलं, काय जाऊ दे? ती बाहेर बघत राहिली.

त्यानंतरचे आठवडे मी भीतीतच काढले. एक दिवसाआड दवाखान्यात जायचं, सलाइनमधून तपकिरी औषध थेंब थेंब तिच्या हातात जाताना बघत बसायचं. पहिल्या बाटलीला तिला थंडी वाजल्यासारखं झालं, तर मी नर्सला इतक्यांदा बोलावलं की शेवटी तिनं मला बाहेर बसवलं. घरी लिंबू, हिरव्या भाज्या, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, खजूर, तीळ. चहा मी घरातून हद्दपार केला, त्यात यांचाही गेला. रोज सकाळी खिडकीत उजेडाला उभी करून मी तिची पापणी ओढून बघायची. कालच्यापेक्षा गुलाबी आहे का? मला कधी वाटायचं आहे, कधी वाटायचं माझं मनच रंग चढवतंय. जेवणानंतर ती डाव्या कुशीवर झोपून बाळाची हालचाल मोजायची. तिची बोटं थांबली की मी दारातून विचारायची, हललं का? एकदा तासभर बाळ हललंच नाही. मी देवापुढं बसले आणि काय मागायचं तेच सुचेना, कारण मागायला गेलं की आधी कबूल करावं लागलं असतं. मग तिनं आतून हाक मारली, हललं म्हणून. मी उठले आणि त्या दिवशीचं वरण खारट केलं. सात डबे उरून आले.

विहीणबाईंचा फोन दर दोन दिवसांनी यायचा. त्या लेकीशी बोलायच्या. फोन माझ्या हातात आला की मी रिपोर्ट सांगायची, आकडे सांगायची, डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगायची. दुधाचं मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. त्याही त्या पहिल्या फोनबद्दल काही बोलल्या नाहीत.

दिवस भरायला दोन आठवडे असताना कळा सुरू झाल्या. तोवर हिमोग्लोबिन दहाच्या जवळ पोचलं होतं, त्यामुळं डॉक्टर आधीइतक्या काळजीत नव्हत्या. मुलगी झाली. दोन किलो पन्नास ग्रॅम. नर्सनं गुंडाळून माझ्या हातात दिली, तेव्हा कापडाचंच वजन जास्त आहे की काय असं वाटलं. पाय गार. कातडी सैल, मांडीला वळ्या नाहीत, तोंड म्हाताऱ्या माणसासारखं. ती रडली, पण मांजरीच्या पिल्लाइतकीच. मी डॉक्टरांना विचारलं, हे रक्तामुळं का? त्या म्हणाल्या की एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, पण आईला रक्त कमी असलं की हा धोका वाढतो. मला त्यांच्याकडून हो हवं होतं किंवा नाही हवं होतं. या मधल्या उत्तराचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

बाळाला सतत उबेत ठेवायचं, आईच्या किंवा घरातल्या कुणाच्या तरी उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं, आणि दर दोन तासांनी पाजायचं, असं सांगितलं गेलं. बाळ पिता पिता झोपायचं. तळव्याला गुदगुल्या करून उठवावं लागायचं. मी घड्याळ धरून बसलेली, लेक थकून डोळे मिटणारी. दुपारी विहीणबाई आल्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. कोपरापर्यंत हात धुतले, टोचायला नकोत म्हणून हातातल्या बांगड्या उतरवून पदराच्या टोकाला बांधल्या, भिंतीकडं तोंड करून बसल्या आणि बाळ चोळीच्या आत छातीशी घेऊन वरून पदर ओढला. लेकीला म्हणाल्या, झोप तू. लेक लगेच झोपली. माझ्याजवळ ती दिवसभरात झोपली नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर बघायला आल्या. बाळाला तपासलं, पाय हातात धरून बघितले, ऊब चांगली आहे म्हणाल्या. जाता जाता त्या विहीणबाईंकडं वळल्या. आवाज चढवला नाही, पण स्पष्ट बोलल्या. पुढच्या वेळी सुनेला गोळ्या दुधाबरोबर देऊ नका, केवढी मोठी चूक झाली बघा, असं म्हणाल्या. विहीणबाईंनी मान खाली घातली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलं."

मला वाटलं होतं, त्यांना काही ठाऊकच नाही. पण त्या एका शब्दानं चूक अंगावर घेऊन बसल्या, माझ्या नातीला छातीशी धरून.

"डॉक्टर, त्यांनी नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं होतं. रोज फोन करून मीच सांगत होते."

डॉक्टर दारात होत्या. बरं, आता कळलं ना, इतकंच म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या. त्यांच्यासाठी विषय संपला होता. मी दोन महिने पोटात धरून ठेवलेली गोष्ट तिथं अर्ध्या मिनिटात आटोपली. लेक जागी झाली होती आणि छताकडं बघत होती.

मी विहीणबाईंजवळ जाऊन बसले. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं?

"पोरीचा फोन मोठ्या आवाजावर असायचा," त्या म्हणाल्या. "रोज आयकत व्हते."

मग मला का नाही सांगितलं? मी तुम्हाला इतकं बोलले त्या दिवशी.

त्यांनी पदराआड बाळाच्या पाठीवर हात फिरवला.  

"पोरीला दुधाचा वास सहन व्हत नव्हता," त्या म्हणाल्या. "नगं म्हनायची. रडायची कधी कधी. मी ग्लास घिऊन उभी ऱ्हायची. म्हनायची, तुझी आई शहरात लोकाच्या लेकरांला जेवू घालती, तिला आपल्यापरीस जास्त कळतं, पी. लई जबरदस्ती केली मी तिला, ईनबाई. म्हनून मी चुकलं म्हनले. तुमचं झाकायला नाय."

 चार महिने लेक तो ग्लास नको म्हणत होती. तिनं मला फोनवर कधी सांगितलं नाही, कारण मी विचारायचीच अशी की हो सोडून दुसरं काही म्हणता येऊ नये. डबा परत आला की त्यात काय उरलं ते बघणारी मी, आणि तिच्याकडून काय परत येत होतं ते मला एकदाही दिसलं नव्हतं. मी रडले. विहीणबाईंनी मला गप्प केलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, आता तुमी घ्या, माझा हात अवघडला. मग मी हात धुतले आणि बांगड्या काढल्या.

वजन आधी थोडं उतरलं, तेव्हा आम्ही दोघी घाबरलो. ते उतरतंच, हे डॉक्टरांनी सांगूनही घाबरलो. मग ते चढायला लागलं. बाराव्या दिवशी तिनं पहिल्यांदा मोठ्यानं रडून घर डोक्यावर घेतलं आणि आमचे हे डबे ठेवून वर धावत आले. महिन्याभरानं डॉक्टरांनी तिला लोहाचे थेंब सुरू केले. एवढ्याशा जिवाला तेच औषध, हे ऐकून मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं. ड्रॉपर मी हातात घेतला आणि लेकीला दिला. पाजायच्या वेळा सोडून, दोन पाजण्यांच्या मध्ये द्यायचे, असं त्यांनी सांगितलं होतं. मी ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं, कारण माझ्या स्मरणावर माझा विश्वास उरला नव्हता.

तीन महिन्यांनी लेक सासरी निघाली. न्यायला विहीणबाई आणि जावई आले होते. बाळाच्या रक्ताची तपासणी अजून व्हायची होती. थेंब पुरले की नाही, ते तेव्हाच कळणार होतं, आणि ती काळजी आता त्यांच्या घरी जाणार होती. मी सामानात तीळ बांधून दिले, खजूर दिला, लिंबं दिली. सूचना एकही दिली नाही. जिभेवर पन्नास तरी होत्या.

गाडीत बसल्यावर लेकीनं काच खाली केली. मांडीवर बाळ झोपलेलं.

"आई, थेंब तिनं लगेच उलटून टाकले तर परत द्यायचे का?"

मला उत्तर माहीत आहे असं वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. तिच्यापलीकडं विहीणबाई माझ्याकडं बघत होत्या, आणि लेकही बघत होती, हो म्हणायची तयारी करून, लहानपणापासून बघते तशी.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांना विचारू."

मी तिथंच उभं राहून दवाखान्यात फोन लावला. फोन लागायला वेळ लागत होता. तोवर मी खिडकीतून हात घालून लेकीची पापणी खाली ओढली. ती हसली आणि तिनं ओढू दिली. आत चांगलं लाल होतं. बाळाचीही बघावी असं फार मनात आलं, पण ती झोपली होती, म्हणून हात मागं घेतला. पलीकडून नर्सचा आवाज आला. मी फोन स्पीकरवर टाकला आणि खिडकीत धरला, म्हणजे विहीणबाईंनाही ऐकू जाईल.